कच्छमध्ये नैसर्गिक रंग आणि देशी कापूस-लोकर वापरणाऱ्या हातमाग विणकरांना भेटायचं आहे. कुठे जावं, काय बघावं, अस्सल माल कसा ओळखावा?

भुजोडीला जा. सकाळी लवकर जा आणि एकाच घरी जा.

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात धोरडोचं पांढरं रण बघून झाल्यावर एक दिवस हाताशी उरतो आणि त्यात ‘चार-पाच विणकर’ बघून घ्यायचे आहेत. माझं कळकळीचं सांगणं आहे की चार-पाच नकोत. पाच घरी गेलात तर पाच दुकानं बघून परत याल. ओटीवर गादी घातलेली असते, शालींच्या घड्या उलगडल्या जातात, चहा येतो, तुम्ही दोन वस्तू घेता, मागावर बसलेल्या माणसाचा फोटो काढता आणि निघता. कापड कसं तयार होतं ते तुमच्या नजरेला पडतच नाही, कारण निम्म्याहून जास्त काम माग चालू व्हायच्या आधीच झालेलं असतं. ते बघायला एका घराला अख्खी सकाळ द्यावी लागते.

मी मूळची इचलकरंजीची, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. सूत, खळ, कांडी, धोटा हे आमच्या घरातले रोजचे शब्द. त्यामुळे कच्छी विणकरांकडे मी जाते ती थोडी माहेरच्या नजरेने. तरीही मागाशेजारी बसून नेहमीच्या आवाजात गप्पा मारता येतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आमच्याकडे शेडमध्ये माणसं हातवारे करून बोलतात.

भुजोडी भुजपासून आठेक किलोमीटरवर, भचाऊच्या रस्त्याला आहे. भुजहून रिक्षा मिळते. मुंबईहून कच्छ एक्स्प्रेस आणि सयाजीनगरी एक्स्प्रेस रात्रभरात भुजला पोहोचवतात. गावातले विणकर म्हणजे वणकर, मूळचे मारवाडातून आलेले मेघवाळ, रामदेवपीराला मानणारे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा व्यवहार रबाऱ्यांशी होता. रबारी मेंढ्या राखायचे आणि लोकर आणून द्यायचे. वणकर त्याच लोकरीचा पुरुषांसाठी धाबळा, म्हणजे अंगावर घ्यायची जाड लोकरी चादर, आणि बायकांसाठी काळी ओढणी विणून द्यायचे. माग अरुंद असल्यामुळे धाबळा दोन पट्ट्यांत विणून मधोमध शिवून जोडायचे. जुना धाबळा कुणी दाखवला तर ती मधली शिवण आवर्जून बघा, तिच्यावरही नक्षीचे टाके असतात. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात हा सगळा भाग जमीनदोस्त झाला. घरं पडली, माग गाडले गेले. आज दिसणारी पक्की घरं आणि बरेचसे माग त्यानंतरचे आहेत.

आता सकाळी लवकर का, ते सांगते. ताण्याला, म्हणजे मागावर लांबीला बसवायच्या दोऱ्यांना, खळ लावायचं काम उन्हं चढायच्या आत करतात. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं असतं, दोन्हीकडे खुंट्या ठोकलेल्या असतात आणि घरातली दोन-तीन माणसं कुंचा घेऊन खळ बसवत पुढे-मागे फिरत असतात. लोकरीच्या ताण्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ आणि तीत रानकांदा असा जुना प्रघात आहे. खळ जाड बसली तर दोरे एकमेकांना चिकटतात, पातळ झाली तर विणताना ताणा झिजून तुटतो. इचलकरंजीत हेच काम सायझिंगची मोठाली यंत्रं करतात. इथे बोटांना कळेल तेच माप. मी हात लावून बघू का, असं विचारलंत तर नाही म्हणत नाहीत. बघाच लावून.

बाकीचं काम बहुतेक घरांत बायका करतात. चरख्यावर कांड्या (आडव्या दोऱ्याच्या नळ्या) भरणं, ताणा ओढणं, तुटलेले दोरे जोडणं, तयार शालीच्या दशांना पीळ घालणं. अलीकडे काही जणी मागावरही बसतात, पण वर्षानुवर्षं ‘विणकर’ म्हटला की घरातल्या पुरुषाचंच नाव पुढे यायचं. तुम्ही गेलात की घरातल्या बेनशी (म्हणजे ताईंशी) मुद्दाम बोला. रंग, सूत, खळ यांबद्दलचं सगळ्यात नेमकं मला त्यांच्याकडूनच कळलंय. तुमच्याबरोबर बाई असेल तर आत बोलावतात आणि मग गप्पा भाकरी-छासपर्यंत जातात.

माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडून पायपट्ट्या दाबतो आणि दोरीला हिसका देऊन धोटा, म्हणजे आडवा दोरा घेऊन जाणारा लाकडी तुकडा, फेकतो. साधं विणकाम भराभर पुढे सरकतं. नक्षी आली की हात मंदावतात, आणि तिथेच थांबून बघायचं असतं. नक्षीसाठी यंत्र नसतं, पुठ्ठ्याची पट्टी नसते, समोर कागदही नसतो. ताण्याचे ठरावीक दोरे बोटांनी मोजून उचलायचे, त्यांच्याखालून जादा रंगीत दोरा सरकवायचा, मग धोटा, मग दोरा घट्ट बसवायला फणी ठोकायची, आणि पुढच्या ओळीला मोजणी बदलायची. चौमुख, सातखाणी, ढोलकी, पोपटी ही या नक्ष्यांची नावं. एक विणकर काका माझ्याशी भावकीतल्या लग्नाबद्दल बोलत बोलत विणत होते. मी त्यांच्या बोटांकडे बघून दोरे मोजायचा प्रयत्न केला, पण दर ओळीला माझा हिशेब तुटत होता. त्यांचं बोलणं एकदाही थांबलं नाही आणि कापडावर चौमुखाची चारही टोकं बरोब्बर जुळली. भरपूर नक्षीच्या एका शालीला कधी कधी महिनाही लागतो. हे डोळ्यांनी बघितल्यावर किंमत ऐकताना माणूस आपोआप सावरून बसतो.

आता रंग. तुमचा मुख्य प्रश्न याचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. भुजोडीतलं प्रत्येक घर नैसर्गिक रंग वापरत नाही. लोकरीसाठी रासायनिक रंग सर्रास चालतात, रंगवलेलं तयार सूत बाहेरून येतं, ॲक्रिलिकही विणलं जातं. त्यात कमीपणा काही नाही, कारण त्यांनाही स्वस्त माल मागणारं गिऱ्हाईक सांभाळायचं असतं. म्हणून दारातच सरळ विचारा की तुमच्याकडे वनस्पतीचे रंग घरी करता का आणि रंगवायची जागा बघता येईल का. जो करतो तो आनंदाने मागच्या अंगणात घेऊन जातो. जो करत नाही तोच बहुतेक वेळा ‘अमुक भाईंकडे जा’ म्हणून वाट दाखवतो.

मागच्या अंगणात काय असतं? डाळिंबाच्या वाळलेल्या सालींचं पोतं, कांद्याच्या सालींचं पोतं, हिरडा, बाभळीची साल, मंजिष्ठेची मुळं, लाख, तुरटी. कुठेतरी एका पिंपात गंजलेले नाल-खिळे आणि गूळ घालून आंबत ठेवलेलं लोखंडाचं पाणी. डाळिंबाच्या सालीचा पिवळा येतो, त्यातच लोखंडाचं पाणी पडलं की मेंदीसारखा हिरवट-करडा होतो. कांद्याच्या सालीचा तांबूस-केशरी. मंजिष्ठेचा लाल, लोकरीवर लाखेचा किरमिजी. हिरडा आणि लोखंड मिळून काळा. स्वच्छ हिरवा हवा असेल तर आधी पिवळा रंगवून तो निळीत बुडवतात. लोकर रंग चटकन धरते. कापूस अडून बसतो, त्याला आधी हिरड्याचं पाणी पाजावं लागतं आणि तुरटी द्यावी लागते, तेव्हा कुठे रंग टिकतो.

निळीचं पिंप मात्र वेगळं. ते उघडताना हजर राहता आलं तर नशीबच समजा. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं, वर झाकण, आत तमिळनाडूतून आलेली नीळ, चुना आणि आंबवणासाठी गूळ किंवा खजुरासारखं गोड काहीतरी. झाकण काढलं की गोठ्यासारखा उग्र वास येतो. वरती निळा-तांबूस, धातूसारखा चकाकणारा फेस असतो. फेस बाजूला केला की खालचं पाणी निळं नसतं, पिवळट हिरवं असतं. त्यात सुताची ओली लडी हळूच सोडतात आणि पाण्याखालीच दाबत फिरवतात, हवेचा बुडबुडा आत जाऊ नये म्हणून जपून. बाहेर काढली की लडी पोपटी दिसते. पिळून झटकली की हवा लागेल तसतशी कडेकडेने निळी होत जाते, पिळाच्या आतल्या घड्या सगळ्यात शेवटी. हे इतकं भराभर घडतं की पहिल्यांदा बघणारा दुसऱ्या लडीच्या वेळी पुन्हा जवळ सरकतो.

त्यामागचं कारणही समजून घ्या. नीळ पाण्यात विरघळत नाही. आंबवणात तिचं रूप बदलतं, तेव्हा ती चुन्याच्या पाण्यात विरघळते आणि धाग्यात शिरते. हवेत आल्यावर प्राणवायूमुळे मूळ रूपात येते आणि धाग्याच्या आतच पुन्हा घट्ट होऊन बसते. म्हणून निळीला तुरटी लागत नाही. म्हणूनच गडद निळा एका बुडीत येत नाही, बुडव-वाळव, बुडव-वाळव करत चढवावा लागतो. थंडीत आंबवण सुस्तावतं. त्यामुळे डिसेंबरात गेलात तर ‘आज पिंप तयार नाही’ हे उत्तर मिळू शकतं आणि ते खरं असतं. हट्ट करू नका.

अस्सल कसं ओळखायचं, याचं उत्तर अनेकांना आवडत नाही. नुसतं बघून ओळखता येत नाही. 1897 साली जर्मनीत कारखान्यातली नीळ विकायला आली. ती आणि झाडाची नीळ, दोन्हींतला रंग रसायन म्हणून एकच आहे. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतल्या लाल रंगाचंही तसंच, तोही कारखान्यात होतो. ‘फिकट आणि मातकट म्हणजे नैसर्गिक’ ही समजूतही चुकीची आहे. लाखेचा आणि मंजिष्ठेचा लाल डोळ्यांत भरेल इतका तेजस्वी असतो, आणि रासायनिक रंग मुद्दाम मातकट करून नैसर्गिक म्हणून विकणारेही आहेत. कापड घासणं, लिंबू चोळणं असल्या परीक्षा कुणाच्या दारात जाऊन करू नका. त्याने काही सिद्ध होत नाही, एक चांगली वस्तू मात्र खराब होते. खात्रीचा मार्ग एकच, रंगवायची जागा बघायची आणि प्रश्न विचारायचे. हे सूत कुणी रंगवलं, कापसाला आधी काय दिलं, हाच रंग पुढच्या खेपेला जुळेल का. खरं काम करणारा माणूस शेवटच्या प्रश्नाला ‘अगदी तस्साच नाही जुळणार’ असंच सांगतो, कारण साल, पाणी, हवा दर खेपेला बदलतं.

सुताबद्दलही असंच विचारा. कच्छचा खरा मान काला कापसाचा. हा नावाने काला असला तरी दिसायला पांढराच असतो. कच्छच्या कोरडवाहू जमिनीत निव्वळ पावसावर येणारा हा जुना देशी कापूस. त्याला पाटाचं पाणी लागत नाही, फवारणी लागत नाही, दुष्काळातही तग धरतो. बोंड पुरतं उमलत नाही, त्यामुळे बोंडं तोडून आणून मग आतला कापूस काढतात. धागा आखूड असल्याने गिरण्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि शेतकऱ्याला भाव मिळेना. तो पुन्हा सुतात आणि मागावर आणायचं काम खमीर या संस्थेने शेतकऱ्यांच्या संघटनेबरोबर केलं. खमीर 2005 पासून भुजोडीजवळच कुकमा-लाखोंद भागात काम करते. तिथे काला कापसाच्या कामाचे टप्पे एका आवारात बघता येतात. म्हणून माझा सल्ला असा की सकाळ भुजोडीत एका घरी घालवा आणि दुपारी खमीरला जा. काला कापसाचं कापड हातात घेतलं की आधी भरड लागतं, मध्येच जाडसर गाठ लागते. धुवून धुवून ते मऊ होत जातं. माझ्याकडच्या ओढणीला आता पहिल्या दिवशीपेक्षा कितीतरी जास्त मऊपणा आला आहे.

लोकरीचं चित्र तितकं चांगलं नाही. स्थानिक पाटणवाडी मेंढीची लोकर भरड, अंगाला टोचणारी. शहरी गिऱ्हाइकाला मऊ हवं असतं, म्हणून बाहेरून आलेली मेरिनो लोकर मागावर चढली. त्यानंतर लुधियानाच्या यंत्रमागांवर कच्छी नक्षीच्या ॲक्रिलिक नकला निघाल्या आणि खऱ्या शालीची किंमतच लोकांना महाग वाटू लागली. कुणाकडे हाताने कातलेल्या देशी लोकरीची वस्तू असेल आणि परवडत असेल, तर ती घ्या. मागणी राहिली तरच ती कातली जाईल. टोचते म्हणून गळ्याशी नको असेल तर पायांवर घ्यायला, भिंतीवर लावायला उत्तम.

वेळ असेल तर अजरखपूरही करा. तिथे विणकाम होत नाही, छपाई होते, पण रंगाचा आणि पाण्याचा संबंध तिथे जितका कळतो तितका कुठेच नाही. अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं कापड, करणारे खत्री मूळचे कच्छमधल्याच धमडका गावचे. मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी 1970 च्या दशकात तिथे नैसर्गिक रंग पुन्हा सुरू केले. पुढे नदीचं पाणी आटत गेलं, आणि भूकंपानंतर पाण्यात लोखंडाचं प्रमाण इतकं वाढलं की लाल रंग काळवंडायला लागला. लोखंडाचं पाणी पिवळ्याचं काय करतं ते मी वर लिहिलंच आहे, तेच इथे आख्ख्या गावाच्या वाट्याला आलं. त्यामुळे अनेक कुटुंबांनी चांगलं पाणी शोधून भुजजवळ नवं गाव वसवलं, तेच अजरखपूर. काळ्या रेघांसाठीचं लोखंडाचं पाणी ते चिंचोक्याच्या पिठाने घट्ट करतात. आमच्याकडे सांगर लोक घोंगडीला चिंचोक्याचीच खळ देतात, त्यामुळे ते शिजतानाचा वास मला तिथे लगेच ओळखू आला. गावातच श्रुजन संस्थेचं भरतकामाचं मोठं संग्रहालय आहे, तेही छान आहे, पण एका दिवसात सगळं कोंबू नका.

वेळेचं सांगायचं तर दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत बरेच माग बंद असतात. डिसेंबर-जानेवारीत रणोत्सवाची गर्दी असते आणि घरातली कर्ती माणसं शहरांतल्या प्रदर्शनांना गेलेली असतात. तुमची तारीख ठरलेली आहेच, तर आधी फोन करून घरी कोण असेल ते विचारून घ्या. तारीख बदलता येत असेल तर फेब्रुवारीचा शेवट मला सगळ्यात बरा वाटतो. ऊनही बरं, गर्दीही ओसरलेली. भाषेची अडचण येत नाही, हिंदी बहुतेकांना येतं. मोठ्यांना काका, बायकांना बेन म्हणा, ‘राम राम’ केलंत तर चेहरे खुलतात.

भाव करू नका, हे मी फार मनापासून सांगते. सूत, रंग, खळ, कांड्या, विणकाम असे घरातल्या सगळ्यांचे दिवस त्या एका किमतीत असतात. परवडत नसेल तर छोटी वस्तू घ्या, हातरुमाल घ्या, सुताची लडी मिळाली तर ती घ्या. काहीच घ्यायचं नसेल तर तसं आधी सांगा आणि त्यांचा जो वेळ घेतला त्याचे पैसे देऊ करा. आणखी एक, मागावरच्या नव्या नक्षीचा जवळून फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि तो कुठे टाकू नका. अशा फोटोंवरून महिन्याभरात छापील नकला बाजारात येतात, आणि ज्याने ती नक्षी जुळवली त्याच्या हाती काहीच लागत नाही.

मनासारखा रंग किंवा माप हवं असेल तर ऑर्डर द्या. निम्मे पैसे आधी द्या, घाई करू नका आणि रंगात थोडा फरक पडला तर चालेल हे तुम्ही स्वतःहून सांगा, म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. वस्तू घरी आल्यावर गार पाण्यात रिठ्याने धुवा, सावलीत वाळवा. पहिल्या एक-दोन धुण्यांत निळीचा थोडा रंग सुटतो, ती वरवर राहिलेली नीळ असते, घाबरू नका. लिंबू, व्हिनेगर आणि सोडा या तिन्हींपासून कापड दूर ठेवा, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवून देणार असाल तर लोकरीच्या घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.